घोड्यांच्या ट्रेलरचे ॲक्सल बदलावेत का?

प्रश्न : स. न. वि. वि. आम्ही अमेरिकेत, उत्तर टेक्सासमध्ये राहतो. दोन्ही मुली घोडेस्वारी करतात आणि घरचे दोन क्वार्टर हॉर्स जातीचे घोडे आम्ही वरचेवर स्पर्धांना नेतो. एकाचे वजन सुमारे १,१०० पौंड आहे आणि दुसऱ्याचे १,०५० पौंड. त्यासाठी २००६ साली बनलेला, तीन घोडे तिरपे उभे राहतील असा ट्रेलर आम्ही जुना घेतला आहे. तो पिकअपच्या मागच्या हिचला जोडतो. त्याला प्रत्येकी ३,५०० पौंडांचे दोन रबरी टॉर्शन ॲक्सल आहेत, ट्रेलरवर लावलेल्या पट्टीवर एकूण कमाल वजन ७,००० पौंड लिहिले आहे आणि माहितीपत्रकात रिकामे वजन ३,९०० पौंड दिले आहे. टायर एसटी२०५/७५आर१५, लोड रेंज (भार पेलण्याची श्रेणी) सी. आता सुमारे १,४०० पौंडांची वॉर्मब्लड, म्हणजे मोठ्या बांध्याच्या वाणाची घोडी घ्यायचे मनात आहे. मागच्या ॲक्सलचे दोन्ही टायर आतल्या कडेने झिजलेले पाहून गॅरेजवाल्याने दोन्ही ॲक्सल काढून ५,२०० पौंडांचे बसवायला सांगितले आहे. तसे केले की ट्रेलर दहा हजार पौंडांचा होईल, असे तो म्हणतो. खर्च बराच आहे. तो करावा का? — एक वाचक, टेक्सास

उत्तर : आपल्या गॅरेजवाल्याचे शेवटचे विधान चुकीचे आहे, आणि साऱ्या सल्ल्याचा आधार तेच विधान असल्यामुळे तिथूनच सुरुवात करतो. ॲक्सल बदलल्याने ट्रेलरची कमाल वजनमर्यादा वाढत नाही. पट्टीवरचा ७,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ३,१७५ किलोंचा आकडा ट्रेलर बनवणाऱ्या कंपनीने ठरवलेला असतो आणि तो ठरवताना चासी, आडव्या पट्ट्या, पुढचा त्रिकोणी दांडा, कपलर (हिचच्या बॉलवर बसणारा जोड), ॲक्सल, ब्रेक, रिम आणि टायर या सर्वांचा विचार केलेला असतो. यांतला सर्वांत कमजोर भाग जेवढे पेलेल तेवढीच त्या ट्रेलरची खरी ताकद. अमेरिकेतील नियमांप्रमाणेही ही मर्यादा उत्पादकाच्या प्रमाणपत्राशी जोडलेली असते. त्यामुळे गॅरेजमध्ये खालचे दोन ॲक्सल बदलले तरी पट्टी तीच राहते, आणि पुढे अपघात झाला तर विमा कंपनी आणि तपास करणारे अधिकारी तीच पट्टी वाचतात.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. आपल्याकडे घोडे बहुधा ट्रकमधून नेले जातात, त्यामुळे हा प्रश्न त्यांना अपरिचित वाटेल. अमेरिकेत घरचे एक-दोन घोडे नेणारी असंख्य कुटुंबे आपल्या पिकअपला दोन ॲक्सलचा ट्रेलर जोडून स्वतःच वाहतूक करतात. तिथे वजनाचा हिशेब ठेवण्याची जबाबदारी चालवणाऱ्यावरच येते.

आता आपलाच हिशेब मांडून पाहू. माहितीपत्रकातील ३,९०० पौंडांत ट्रेलरच्या आतल्या जमिनीवर अंथरलेल्या रबरी चटया बहुधा धरलेल्या नसतात. पाऊण इंच जाडीची, चार फूट बाय सहा फुटांची एक चटई जवळजवळ १०० पौंडांची असते. तीन चटया धरल्या तर ३०० पौंड होतात. खोगिरे, लगाम आणि इतर सामानाचे १०० पौंड धरू. प्रत्येकी ६० पौंडांचे गवताचे चार गठ्ठे म्हणजे २४० पौंड. अमेरिकी गॅलनभर पाण्याचे वजन ८.३४ पौंड असते, तेव्हा वीस गॅलन पाणी सोबत घेतले की १६७ पौंड. दोन घोड्यांचे २,१५० पौंड मिळवले की बेरीज ६,८५७ पौंडांवर जाते. म्हणजे आज दोन घोडे नेतानाही आपण मर्यादेच्या अगदी कडेला आहात. तिसरी घोडी चढवली की वजन ८,२५७ पौंड होईल, पट्टीवरील मर्यादेपेक्षा १,२५७ पौंड जास्त. हे सारे कागदावरचे आकडे आहेत आणि जुन्या ट्रेलरचे प्रत्यक्ष वजन माहितीपत्रकाहून जास्तच भरण्याचा संभव अधिक.

हे सगळे वजन ॲक्सलवर येत नाही. बंपरमागे जोडलेल्या ट्रेलरचा साधारण १० ते १५ टक्के भार जोडावर, म्हणजे पिकअपच्या हिचवर असावा लागतो. तो कमी झाला तर ट्रेलर मागे झोके घेऊ लागतो. १२ टक्के धरले तर दोन घोड्यांच्या वेळी ॲक्सलवर एकंदर ६,०३४ पौंड येतात आणि भार सारखा वाटला गेल्यास प्रत्येक ॲक्सलवर ३,०१७. हे ३,५०० पौंडांच्या ॲक्सलला पेलते. तीन घोड्यांच्या वेळी मात्र दोन ॲक्सलवर मिळून ७,२६६ पौंड येतील, म्हणजे अगदी समान वाटणी झाली तरी प्रत्येक ॲक्सल मर्यादा ओलांडतो. टायरचीही तीच गत आहे. आपल्या मापाचा लोड रेंज सी टायर ५० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) हवेच्या दाबावर १,८२० पौंड पेलतो, म्हणजे चार टायर मिळून ७,२८०. टेक्सासच्या उन्हाळ्यात, तापलेल्या महामार्गावर, तीन जिवंत जनावरे मागे उभी असताना टायरच्या क्षमतेत चौदा पौंड शिल्लक ठेवून गाडी चालवणे मला मान्य होणार नाही आणि आपल्यालाही होऊ नये. वॉर्मब्लड घोडी सध्याच्या स्थितीत इतर दोघांसोबत या ट्रेलरमध्ये चढवू नका, एवढे आताच स्पष्ट सांगतो.

मग मागचे टायर आतल्या कडेने का झिजले? माझ्या मते आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची खूण हीच आहे, आणि गॅरेजवाल्याने तिचा अर्थ फार घाईने लावला. पाट्यांच्या स्प्रिंगवर बसवलेल्या दोन ॲक्सलच्या मध्ये एक झुलता दांडा असतो, जो पुढच्या-मागच्या चाकांत भार सतत वाटत राहतो. टॉर्शन ॲक्सलमध्ये तो नसतो. तिथे प्रत्येक चाकाचा हात चौकोनी नळीतील रबराच्या दांड्यांवर पीळ देऊन वरखाली होतो आणि प्रत्येक ॲक्सल आपापला भार एकट्याने उचलतो. त्यामुळे ट्रेलर जमिनीला समांतर नसेल, पिकअप उंच असल्याने त्याचे नाक वर उचललेले असेल, तर मागचा ॲक्सल जास्त ओझे घेतो. समजा एकूण भाराचा ६० टक्के वाटा मागे गेला, तर दोनच घोडे असतानाही मागच्या ॲक्सलवर ३,६२० पौंड येतील. अशी वाहतूक वर्षानुवर्षे चालली की ॲक्सलच्या नळीला मुळात दिलेला किंचित वरचा बाक नाहीसा होतो, चाके वरच्या बाजूने आत कलतात आणि टायर आतल्या कडेने खाल्ले जातात. अलीकडे पिकअप पूर्वीपेक्षा पुष्कळ उंच बनतात. जुन्या ट्रेलरच्या मालकांनी ही गोष्ट आवर्जून तपासावी.

म्हणून कोणताही सुटा भाग विकत घेण्यापूर्वी सपाट जागी, घोडे आणि सामान चढवलेल्या स्थितीत ट्रेलरची चासी पुढे आणि मागे जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. फरक असेल तर बॉल बसवण्याचा खाली उतरता दांडा योग्य मापाचा घेऊन ट्रेलर समतल करा. हे काम ॲक्सलच्या मानाने फार स्वस्त आहे.

त्यानंतर वजन करा. महामार्गावरील ट्रक थांब्यांवर कॅट स्केल या नावाचे काटे असतात. त्यांवर स्वतंत्र फलाट असल्याने पिकअपचा पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलरची चाके यांचे आकडे वेगवेगळे मिळतात. एकदा ट्रेलरची चारही चाके शेवटच्या फलाटावर ठेवून वजन घ्या. दुसऱ्यांदा गाडी थोडी सरकवून ट्रेलरचा फक्त मागचा ॲक्सल शेवटच्या फलाटावर राहील असे उभे राहा, म्हणजे दोन ॲक्सलमधील वाटणी कळेल. अशा प्रकारे उभे राहणार असल्याचे काट्यावरच्या माणसाला आधी सांगावे. जोडावरचा भार काढण्यासाठी नुसत्या पिकअपचे वजन लागते. ते एखाद्या दुसऱ्या दिवशी, टाकीत तेवढेच इंधन आणि गाडीत तीच माणसे ठेवून करा. घोडे आत असताना ट्रक थांब्यावर ट्रेलर सोडवण्याच्या फंदात कधीही पडू नका.

पुढची तपासणी ॲक्सलच्या वयाची. टॉर्शन ॲक्सलमधील रबर कालांतराने कडक होते किंवा बसते, आणि ते वेगळे काढून बदलता येत नाही; पूर्ण ॲक्सलच बदलावा लागतो. चारही चाकांचे हात एकाच कोनात आहेत का, रिकाम्या आणि भरलेल्या ट्रेलरमध्ये टायर आणि मडगार्ड यांतील अंतर किती बदलते, हे मोजून पाहा. अंतर जवळपास बदलतच नसेल तर रबर संपले असे समजावे. २००६चे ॲक्सल मूळचेच असतील तर ही शक्यता बरीच आहे, आणि मागचा ॲक्सल वाकला असेल तर तो बदलण्यावाचून इलाज नाही. परंतु त्या जागी पुन्हा ३,५०० पौंडांचेच ॲक्सल बसवणे हा पूर्णपणे योग्य पर्याय आहे, आणि तो आपल्या गॅरेजवाल्याने आपल्यासमोर ठेवलेलाच दिसत नाही.

५,२०० पौंडांच्या ॲक्सलसोबत काय काय बदलावे लागते, तेही पाहा. ३,५०० पौंडांच्या ॲक्सलचे चाक साधारणतः पाच बोल्टांवर बसते, ५,२०० पौंडांच्या ॲक्सलचे सहा बोल्टांवर. त्यामुळे चारही रिम बदलतात आणि सोबत स्टेपनीही. ब्रेकचे ड्रम दहा इंचांऐवजी बारा इंचांचे येतात, ही मात्र चांगली बाजू. टायरही मोठे लागतात. एसटी२२५/७५आर१५ हा लोड रेंज डीचा टायर घेतला तर तो ६५ पीएसआयवर २,५४० पौंड पेलतो, म्हणजे एका ॲक्सलवरचे दोन टायर मिळून ५,०८०; ॲक्सलवर छापलेल्या ५,२०० पेक्षा कमीच. पूर्ण क्षमता हवी असेल तर लोड रेंज ईपर्यंत जावे लागते, ज्यात एक टायर ८० पीएसआयवर २,८३० पौंड घेतो, आणि तेवढा दाब सोसणारी रिम निवडावी लागते. या टायरचा व्यास आपल्या सध्याच्या टायरपेक्षा इंचभराने जास्त असतो, तेव्हा मडगार्डला तो घासणार नाही ना, हेही मापून पाहायला हवे. एवढे सगळे करून कपलर दोन इंची बॉलचाच असेल आणि त्यावर ७,००० पौंडांचा शिक्का असेल, तर साखळीतला तो दुवा जिथल्या तिथेच राहिला.

आणि आता घोड्यांचा विचार, जो या व्यवहारात सर्वांत आधी व्हायला हवा होता. घोडा प्रवासभर उभा असतो. त्याच्या वजनाचा सुमारे साठ टक्के भाग पुढच्या पायांवर असतो आणि गाडीच्या प्रत्येक हिसक्याला तो स्नायू ताणून तोल सावरतो. तासाभराच्या प्रवासातही हे श्रम चालूच राहतात. ॲक्सलचे रबर ज्या भारासाठी निवडले आहे त्याच्या आसपासचा भार त्यावर असला तरच ते नीट दबते आणि धक्के पिते. दोन घोडे घेऊन जाताना आपले ६,०३४ पौंड १०,४०० पौंडांच्या ॲक्सलवर ठेवले तर त्यांच्या क्षमतेचा जेमतेम ५८ टक्के वापर होईल, आणि एकच घोडा असेल तेव्हा निम्म्याहूनही कमी. मग रस्त्यावरचा प्रत्येक सांधा थेट जमिनीतून जनावराच्या खुरांपर्यंत पोहोचेल. ‘मजबूत तितके चांगले’ हा हिशेब माल वाहणाऱ्या ट्रेलरला बऱ्याच अंशी लागू पडतो, घोड्यांच्या ट्रेलरला तो लागू पडत नाही.

यावर एक मधला मार्ग आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. टॉर्शन ॲक्सल बनवणाऱ्या कंपन्या ५,२०० पौंडांच्या वर्गातील नळी, हब आणि बारा इंची ब्रेक तसेच ठेवून आतले रबर कमी भारासाठी निवडून देतात. उदाहरणार्थ ४,४०० पौंडांसाठी. बेअरिंग आणि ब्रेक मोठे मिळतात, चाल मऊ राहते. दोन घोड्यांसाठीच ट्रेलर वापरायचा असेल आणि ॲक्सल नाहीतरी बदलायचेच असतील, तर खर्चाची तयारी असल्यास हा पर्याय विचारात घेण्याजोगा आहे. पट्टीवरची मर्यादा मात्र याहीमुळे वाढत नाही.

तीन घोड्यांचा प्रश्न उरतो. ट्रेलर बनवणाऱ्या कंपनीला चासी क्रमांक कळवून लेखी विचारा की हेच मॉडेल त्या वर्षी ५,२०० पौंडांच्या ॲक्सलसह विकले जात होते का, आणि जात असेल तर त्यात चासी, कपलर व आडव्या पट्ट्या वेगळ्या होत्या का. काही कंपन्या एकच सांगाडा दोन प्रकारच्या ॲक्सलवर देतात. सांगाडा तोच असल्याचे आणि नवी पट्टी रीतसर मिळू शकेल असे लेखी उत्तर आले, तरच ॲक्सल बदलण्याचा खर्च तिसऱ्या घोडीच्या कामी येईल. त्याआधी चटया उचलून ट्रेलरची जमीन तपासा. घोड्यांच्या मूत्राने लाकडी फळ्या कुजतात आणि ॲल्युमिनियमचा पत्रा खाल्ला जातो. खालच्या आडव्या पट्ट्याही गंजतात. जमीन खचून घोड्याचे पाय चालत्या ट्रेलरखाली गेल्याचे अपघात झालेले आहेत, आणि कोणताही नवा ॲक्सल त्यापासून वाचवू शकत नाही. आपल्याकडे पैसे मर्यादित असतील तर ते पहिल्यांदा ट्रेलरच्या जमिनीच्या दुरुस्तीवर खर्च करावेत, हे माझे ठाम मत आहे.

पिकअपही विसरू नका. ८,२५७ पौंडांच्या ट्रेलरचा जोडावरचा भार हजार पौंडांच्या घरात जातो. दाराच्या चौकटीवरील पट्टीवर पिकअपची भारक्षमता आणि हिचवर त्याची स्वतःची मर्यादा लिहिलेली असते. माणसे, इंधन आणि सामान धरून ती पुरते का ते पाहा.

एकंदरीत माझा सल्ला असा की ट्रेलर समतल करून वजन करावे, जमीन तपासावी, टायर पाच वर्षांहून जुने असतील तर झीज न पाहता बदलावेत आणि बदलताना रिम ६५ पीएसआय सोसत असेल तर त्याच मापाचे लोड रेंज डीचे, प्रत्येकी २,१५० पौंड पेलणारे टायर घ्यावेत. असा ट्रेलर दोन घोड्यांसाठी उत्तम चालेल. वॉर्मब्लड घोडी नक्की होत असेल आणि तिन्ही घोडे एकत्र न्यायचे असतील, तर कंपनीकडून लेखी होकार आल्याशिवाय या ट्रेलरवर ॲक्सलचा खर्च करू नये. तो पैसा मुळातच अधिक वजनमर्यादा असलेल्या ट्रेलरसाठी ठेवावा. वॉर्मब्लड उंच आणि लांबही असतात, त्यामुळे तिरप्या कप्प्यात ती घोडी अंग न चोरता उभी राहील का, हेही खरेदीपूर्वी पाहावे लागेल.

प्रश्न : आमच्याकडे पाट्यांच्या स्प्रिंगचा, दोन घोड्यांचा जुना लोखंडी ट्रेलर आहे. घोड्यांना आराम मिळावा म्हणून टॉर्शन ॲक्सल बसवून घ्यावेत, असे अनेक जण सांगतात. वजनाची अडचण नाही. — एक वाचक, ओंटारिओ, कॅनडा

उत्तर : वजनाची अडचण नसेल तर घाई करू नये. टॉर्शन ॲक्सलची चाल शांत असते आणि त्यात झिजणारे सांधे कमी असतात, हे खरे. पण त्याचा भार चासीवर वेगळ्या जागी पडतो. पाट्यांच्या स्प्रिंगसाठी जिथे आधार वेल्ड केलेले असतात तिथेच टॉर्शन ॲक्सलचे ब्रॅकेट येतील असे नाही, त्यामुळे चासीला जोड द्यावे लागतात. ओंटारिओत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. जुन्या लोखंडी चासीवर वेल्डिंग करण्याआधी हातोडीने ठोकून आणि गंज खरवडून पत्रा किती जाड उरला आहे, ते एखाद्या जाणत्या वेल्डरकडून पाहून घ्या.

बहुतेक वेळा जुन्या ट्रेलरचा खडखडाट पाट्यांमुळे नसून त्यांच्या झिजलेल्या बुशांमुळे (बोल्टभोवतीच्या छोट्या नळ्यांमुळे) असतो. कारखान्यातून आलेल्या नायलॉनच्या बुशा काढून ब्राँझच्या बुशा आणि ग्रीस भरता येणारे बोल्ट बसवले, मधला झुलता दांडा रबर असलेला घेतला आणि थकलेले पाटे त्याच क्षमतेच्या नव्या पाट्यांनी बदलले, तर टॉर्शनच्या मानाने फार थोड्या खर्चात चाल पुष्कळ सुधारते. खडबडीत, खाचखळग्यांच्या रस्त्यावर तर दोन ॲक्सलमध्ये भार वाटणारा हा झुलता दांडा उपकारकच ठरतो. पाटे बदलताना क्षमता वाढवण्याचा मोह टाळावा. कारण वर टेक्सासच्या वाचकांना सांगितले तेच आहे.

काम कोणतेही करून घेतले तरी बेअरिंग उघडून नवे ग्रीस भरून घ्या आणि पुढे ते वर्षातून एकदा किंवा १२,००० मैलांनी, जे आधी येईल तेव्हा, करत राहा. चाके काढून परत बसवली की नट टॉर्क पान्याने आवळावेत आणि पहिल्या १०, २५ आणि ५० मैलांनंतर पुन्हा तपासावेत. नवे विद्युत ब्रेक बसवले असतील तर पहिल्या २०० मैलांनंतर त्यांची जुळणी करून घ्यावी लागते. हे सुरुवातीचे मैल घोडे न चढवता, रिकाम्या ट्रेलरनेच पूर्ण करावेत.